अजोड कोण, हे ठरविण्याबाबत

विषय : सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, याचा निर्णय मिळणेबाबत.
संदर्भ : श्री. रहाळकर व श्री. आगलावे यांचा संयुक्त तोंडी अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, एक थोर टेनिसपटू नुकताच निवृत्त झाला. तो निवृत्त झाला परदेशात, पण त्याचे परिणाम आमच्या वसाहतीच्या बागेतल्या बाकावर झाले. रहाळकरांच्या मते असा खेळाडू पूर्वी झाला नाही व पुढे होणार नाही. आगलाव्यांच्या मते पूर्वी झालेला आहे आणि तो याच्यापेक्षा वरचढ होता. दोघांनीही आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही. रहाळकर पाटबंधारे खात्यात होते, आगलावे कोषागारात. वादाच्या भरात रहाळकरांनी आगलाव्यांच्या स्मरणशक्तीविषयी काही उद्गार काढले, आगलाव्यांनी रहाळकरांच्या चष्म्याविषयी. तेव्हापासून बोलणे बंद आहे. निर्णय मी द्यावा एवढ्यावर मात्र दोघांचे एकमत आहे, कारण मी पुष्कळ वाचले आहे असा दोघांचाही समज आहे. परस्परांशी बोलत नसल्यामुळे संयुक्त अर्ज त्यांनी स्वतंत्रपणे सादर केला.

आमच्या कार्यालयात असले प्रश्न ज्येष्ठता यादी काढून मिटत. श्रेष्ठता कोणी विचारत नसे आणि ते सर्वांच्याच सोयीचे होते. खेळाला ही सोय नाही. सबब, पुढील कथा अभिप्रायादाखल जोडली आहे.

एकदा एक मल्ल होता. त्याने ऐन उमेदीत असताना एके सकाळी आपला लंगोट तालमीतल्या मारुतीच्या पायाशी ठेवला आणि यापुढे मैदानात उतरणार नाही असे सांगितले. कारण सांगितले नाही. तो लढत होता तोवर लोक त्याची कुस्ती पाहत. तो थांबल्यावर त्यांना पाहायला काही उरले नाही, म्हणून त्यांनी त्याचे मोजमाप सुरू केले.

मोजायला दुसरे माप हवे, आणि ते हाताशी होते. नदीपलीकडच्या पेठेत त्याच्याच वयाचा, त्याच्याच वजनाचा एक मल्ल होता. दोघांची जोड अनेक वर्षे लागत आली होती. कधी हा वर, कधी तो. दोघांत थोर कोण, या प्रश्नावर नदीच्या दोन्ही काठांनी आपापले मत बनवले. मग न्हाव्याने पलीकडच्या माणसाची दाढी अर्धी ठेवली. मग ठरलेले एक लग्न मोडले. मग रात्री कौलांवर दगड पडू लागले.

गावात एक व्यापारी होता. लोक जिथे भांडतात तिथे ते उन्हात उभे राहतात आणि त्यांना तहान लागते, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने जाहीर केले की वैशाखात निकाली मैदान भरेल. दोघांची शेवटची कुस्ती होईल. जिंकणाऱ्याला चांदीची गदा मिळेल आणि वेशीवर त्याच्या नावाचा दगड बसेल. दगड त्याने आधीच करून घेतला. त्यावर ‘अजोड’ हा शब्द ठळक कोरला आणि खाली नावापुरती जागा सोडली.

मल्लाने नकार कळवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या उंबऱ्यावर हिरव्या बांगड्या ठेवलेल्या आढळल्या. त्याच्या बायकोने त्या हातात चढवून पाहिल्या, मापाच्या निघाल्या म्हणून ठेवून घेतल्या, आणि पुढच्या वेळी लाल आणा असे रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितले. पण त्याच संध्याकाळी काही माणसे दारात येऊन बसली. ती फार आदराने बोलली. तुम्ही उतरला नाहीत तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे म्हणाली. उठताना त्यांतला एक जण सहज बोलून गेला की तालमीचे छप्पर गवताचे आहे आणि हे दिवस उन्हाचे आहेत. हे त्याचे चाहते होते. विरोधक त्या मानाने बरे, ते नुसते हसत.

त्यानंतर मल्लाला अन्न जाईना. चूल पेटवताना काडी ओढल्याचा आवाज झाला तरी तो दचके. मैदानाच्या आदल्या दिवशी, उन्हे कलल्यावर, तो आपल्या वस्तादांकडे गेला.

वस्ताद फार वृद्ध होते. ते आखाड्याच्या कडेला बसून मातीत ताक आणि हळद मिसळत होते. मल्ल त्यांच्या पायांशी बसला आणि कोणालाच न सांगितलेली गोष्ट त्याने त्यांना सांगितली. मागच्या कुस्तीत त्याने पलीकडच्या मल्लाची मान काखेत धरली होती. दाब दिला तेव्हा आत काहीतरी सरकले. त्याने घामाने हात सुटल्याचे दाखवून पकड सोडली आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. समोरचा उठला, पण फेटा बांधताना त्याचा डावा हात वर येत नव्हता. त्याने तो एका हाताने बांधला आणि हसून लोकांना नमस्कार केला.

“म्हणून लंगोट ठेवला,” मल्ल म्हणाला. “आता उतरलो तर त्याची मान जाईल. मुद्दाम पडलो तर तो ओळखेल, आणि तसं जिंकणं त्याला जन्मभर सोसायचं नाही. नाही उतरलो तर तालीम जाळतील. वस्ताद, मला आजवर भीती ठाऊक नव्हती. आता काडी ओढली तरी दचकतो.”

वस्तादांनी हाताची हळद पुसली.

“ऊठ,” ते म्हणाले. “माझ्याशी लाव एक कुस्ती.”

मल्लाला वाटले म्हातारपणी बुद्धी चळली. पण वस्तादांचा शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती. तो आखाड्यात उतरला.

त्या मुलखातली रीत सांगितली पाहिजे. कुस्तीआधी एकाने चिमूटभर माती समोरच्याच्या तळव्यावर ठेवायची, समोरच्याने तितकीच परत द्यायची. माती दिली आणि घेतली की कुस्ती लागली. समोरच्याची माती नाकारली की कुस्ती मोडली आणि नाकारणारा हरला. पंच ‘लागली’ आणि ‘मोडली’ हे दोनच शब्द ओळखत.

मल्लाने वाकून माती उचलली आणि वस्तादांच्या तळव्यावर ठेवली. मग परतीच्या मातीसाठी हात पुढे धरून उभा राहिला. वस्तादांनी मूठ मिटली, तशीच काखेत धरली, मारुतीच्या ओट्याला पाठ लावून बसले आणि डोळे मिटून घेतले.

मल्ल उभा राहिला. उन्हे भिंतीवरून उतरून गेली. वटवाघळे बाहेर पडू लागली. नदीपलीकडे ढोल वाजत होते, उद्याची तयारी. म्हातारा हालत नव्हता. मल्लाच्या मनात एक भयंकर शंका आली. तो आखाड्यातून बाहेर आला आणि श्वास चालतो आहे का पाहण्यासाठी वाकला.

“कुस्ती लागली का?” वस्तादांनी डोळे न उघडता विचारले.

“नाही. तुम्ही माती कुठं दिली?”

“मग मोडली का?”

“मोडली कशी म्हणावी? घेतलीय की तुम्ही.”

“मग मी हरलो का तू?”

मल्लाने त्यांच्या काखेतल्या मुठीकडे पाहिले.

“त्या दगडावर काय कोरलंय म्हणतोस?”

“अजोड.”

“आपल्यात ज्याला जोड मिळत नाही, तो मैदानात काय करतो?”

“दंड थोपटून फेरी मारतो. कोणी पुढं आलं नाही तर घरी जातो.”

“कुस्ती न करता,” वस्ताद म्हणाले. “गाव ज्याला मोठेपणा म्हणतं, तो म्हणजे आपल्या धंद्यात रिकाम्या हातानं घरी जाणं. तुला अजोड व्हायचं तर आधी पलीकडच्याला मोडावं लागेल. आणि लेका, तू काय होतास हे गावाला ठाऊक नाही, ते लांब बसून बघत होतं. मलाही पुरतं नाही. तुझी ताकद जगात एकाच माणसाच्या हाडांना ठाऊक आहे. ती हाडं जप.”

“आणि लोक?”

“लोकांना निकाल पाहिजे असतो. निकाल लागला की ते दुसरीकडं बघायला मोकळे होतात. त्यांना मोकळं करू नकोस.”

एवढे बोलून त्यांनी मूठ उघडली. माती घामाने भिजून तिचा गोळा झाला होता. तो त्यांनी मल्लाला दिला नाही. ओट्यावर, लंगोटाशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी मैदान भरले. दोन्ही काठ आले होते आणि दोन्ही काठांनी काठ्या आणल्या होत्या. व्यापाऱ्याचे सरबत दुपारीच संपले. पलीकडचा मल्ल आला तेव्हा वैशाखाच्या उन्हात त्याच्या मानेभोवती उपरणे गुंडाळलेले होते. लोकांना तो नवा थाट वाटला. दोघे समोरासमोर उभे राहिले. माती आधी पलीकडच्याने द्यायची होती. तो वाकला, उजव्या हाताने चिमूट उचलली, आणि अर्धी वाटेतच सांडली. ती तळव्यावर ठेवताना तो ओठ न हलवता बोलला, “तू येऊ नयेस म्हणून मी नवस बोललो होतो, गड्या.”

“मी पण,” मल्ल म्हणाला.

त्याने मूठ मिटली. मग फेट्याचा शेमला सोडला, माती त्यात बांधली, गाठ मारली आणि शेमला पुन्हा फेट्यात खोचला.

मैदान शांत झाले. ती शांतता चांगली नव्हती. पंच पुढे आले आणि म्हणाले, “माती दे.”

“देईन.”

“कधी?”

“सवडीनं.”

व्यापारी धावत आला. नकार समजा आणि दुसऱ्याला विजयी करा, असे त्याने पंचांच्या कानात सांगितले. पंच मोठे कर्तव्यकठोर गृहस्थ होते. ते म्हणाले की माती घेतलेली आहे, सबब नकार नाही. माती दिलेली नाही, सबब कुस्ती नाही. मग निकाल कशाचा द्यायचा? असा प्रसंग पूर्वी आलेला नव्हता आणि तो उद्भवल्यास काय करावे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. ते खाली बसले.

मग पहिला दगड आला. तो मल्लाच्या खांद्याला लागला. मल्ल सरकून पलीकडच्याच्या डाव्या बाजूला गेला, जिकडचा हात उठत नव्हता, आणि दोघे चालू लागले. वेशीपर्यंतची ती वाट दोघांनाही पुढे कधी आठवावीशी वाटली नाही. काठ्या दोन्ही बाजूंना होत्या. पण एकदा कोणीतरी काठी उगारली तेव्हा शेजारच्याने त्याचा हात धरला आणि म्हणाला, “थांब की. अजून कुस्ती व्हायचीय.”

तालीम जळाली नाही. कुस्ती जिथे कधीही लागू शकते ती जागा कोण जाळणार? दोन्ही काठांचे लोक संध्याकाळी तिच्याभोवती घोटाळत, मग नुसते बसत, मग घरच्या गोष्टी काढत. पलीकडचा मल्लही नदी ओलांडून येऊ लागला. आला की ओट्यावर टेकायचा आणि विचारायचा, “काय, देतोस का माती?” हा म्हणायचा, “आज सवड नाही.” मग दोघे दूध प्यायचे. पलीकडच्याचा डावा हात पुढे कधी पुरता वर आला नाही. फेटा त्याला हाच बांधून देई.

दगड वेशीजवळ आहे. ‘अजोड’ शब्द स्पष्ट वाचता येतो. खालच्या कोऱ्या जागेवर शेळ्या अंग घासतात.

कथा येथे संपते. अर्जदारांना ती स्वतंत्रपणे वाचून दाखवण्यात आली. रहाळकर म्हणाले की कथा ठीक आहे, पण यावरून आपला माणूस श्रेष्ठ हेच सिद्ध होते. आगलावेही हेच म्हणाले, फक्त माणूस दुसरा. दोघे अद्याप बोलत नाहीत. बाकाच्या दोन टोकांना बसतात. काल आगलावे आले नाहीत. त्यांना ताप होता, असे नंतर कळले. रहाळकर थोडा वेळ बसले, मग फाटकापर्यंत जाऊन रस्ता पाहून आले. पुन्हा बसले, पुन्हा गेले. अंधार पडू लागला तेव्हा त्यांनी मला विचारले की निर्णय दिला का. नाही, असे मी सांगितले. “घाई करू नका,” ते म्हणाले, आणि आगलाव्यांच्या घराच्या दिशेने गेले.

अर्ज प्रलंबित आहे.