पिसं उडवणारे देमेतेर सरकार

ऐका मंडळी! फार वर्षांपूर्वी, हंगेरीत नदीकाठच्या शाशफाल्व गावात देमेतेर नावाचे सरदार राहत. तेव्हा चर्चमध्ये सगळं लॅटिनमध्ये चाले. लोक माना डोलवत, कळत मात्र शून्य!

बोर्का म्हातारीचा नवरा गेला, तेव्हा पाद्र्यानं लांबलचक प्रार्थना म्हटली. बोर्का सरदारांना म्हणाली, "सरकार, माझ्या माणसासाठी देव काय म्हणाला, ते मला कळलंच नाही हो." सरदारांच्या काळजाला घरं पडली. त्यांनी तलवार खुंटीला टांगली आणि धर्मग्रंथ गावच्या बोलीत आणायला घेतला.

त्या गावची एक रीत होती. थंडीत बायका एका घरी जमून उशांसाठी बदकांची पिसं सोलत, म्हणजे दांडा टाकून मऊ लव काढून घेत. तिथं जोरात श्वास सोडायचा नाही, नाहीतर सगळी पिसं उडतात. सरदारांनी तिथंच पहिलं पान वाचलं. एक पीस हललं असेल तर शपथ!

"छान आहे सरकार," बोर्का म्हणाली, "पण हे तुमच्या गढीतलं बोलणं. आमच्या चुलीपाशी असं कोणी बोलत नाही."

सरदारांनी पान टराटरा फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा फाडलं. एक दिवस त्यांनी दफनाची प्रार्थना वाचली आणि बोर्कानं असा उसासा सोडला, की पिसं आढ्याला भिडली. सरदारांच्या दाढीत पिसं अडकली अन् ते हसता हसता रडले. मग ठरलंच. पिसं उडाली तर पान ठेवायचं, नाहीतर फाडायचं. अशी सात वर्षं गेली.

ग्रंथ पुरा झाला आणि मोठ्या धर्मगुरूंचा हुकूम आला, की देवाचं बोलणं लॅटिनमध्येच राहील. घोडेस्वार आले, सगळी पानं चौकात जाळली. सरदार मटकन खाली बसले.

तेवढ्यात बोर्का पुढं झाली. "उठा सरकार. दहा-दहा वेळा वाचलंत, ते काय वाऱ्यावर गेलं? लिहून घ्या!" तिनं पहिलं पान घडाघडा म्हटलं. दुसरीनं दुसरं, तिसरीनं तिसरं.

"गप्प बसा!" घोडेस्वारांचा अधिकारी ओरडला. तेव्हा सगळ्या बायकांनी मिळून एकच श्वास सोडला आणि घराघरांतल्या उशा फाटून पिसं बाहेर आली. आभाळ पांढरं झालं, घोडे उधळले ते थेट नदीपार, असं म्हणतात. पिसं सोलून उरलेल्या दांड्यांच्या लेखण्या करून सरदारांनी अकरा दिवसांत ग्रंथ पुन्हा लिहिला, असंही म्हणतात.

आजही शाशफाल्वात थंडीतली पहिली पिसं सोलताना एक पान वाचतात. मग सगळ्या बायका मुद्दाम फुंकर मारतात, आणि पिसं आढ्याला लागली की एका सुरात ओरडतात, "सरकार, कळलं!"