शेटजी, पंगत आणि कापलेले बटण

एकदा एक शिष्य भांड्यांच्या एका व्यापाऱ्यासाठी संगणकावर यादी बांधत होता. यादी झाडासारखी होती. 'पितळ' उघडले की घागर, तांब्या अशा फांद्या फुटत, आणि प्रत्येक ओळीत 'मागवा' असे बटण बसवलेले असे. शेटजींनी यादी पसंत केली तरच विद्या पूर्ण झाली असे मानायचे, हा त्याच्या वृद्ध गुरूंचा नियम होता.

शेटजी आले, पडद्यावर वाकले. ओळी इतक्या बारीक होत्या की बटणावरच्या अक्षरांची नुसती शिरोरेखा दिसत होती.

"ही काय, कपडे वाळत घालायची दोरी?" शेटजींनी विचारले.

शिष्याने लगबगीने प्रत्येक ओळीची उंची पडद्यावरचे तीस ठिपके करून टाकली. बटण दिसले. मग शेटजींनी चष्मा पुसला, अक्षरे मोठी केली, आणि बटण पुन्हा कापले गेले. शिष्याने चिडून उंची तीनशे ठिपके केली. आता पडद्यावर दोनच भांडी मावू लागली. शेवटच्या चमच्यापर्यंत पोचायला माणसाने डबा बांधून निघावे, अशी ती यादी झाली.

शिष्य आणखी एक आकडा टाकायला निघाला. गुरू मात्र म्हणाले, "आधी जेवून घेऊ." आणि स्वतः खडू घेऊन त्यांनी जमिनीवर हातहाताच्या अंतराने रेघा मारल्या. भिंतीकडेला शिष्य, मग शेटजी, मग आपण.

शेटजी बसले ते थेट शिष्याच्या पानापर्यंत पसरले. शिष्याचा उजवा हात त्यांच्या कुशीखाली गेला, तो वरण निवले तरी बाहेर येईना.

"गुरुजी, जरा सरकायला सांगा ना यांना," तो कळवळला.

"कसं सांगू? रेघ एका हाताचीच आहे."

"पण रेघ मारण्याआधी शेटजींना विचारायचं तरी, जागा किती लागते ते!"

"तू विचारलं होतंस?"

"शेटजींना?"

"बटणाला."

"मला दोन हात लागतात," शेटजी मध्येच म्हणाले, "पण ते राहू द्या, भात वाढा."

भात वाढता वाढता गुरू म्हणाले, "अरे, ओळ तिला सांगितलेल्या मापानेच उभी राहते. आपल्या पोटात कोण बसलंय, हे ती वळून पाहत नाही. आत बसणाऱ्याला त्याचं माप ठाऊक असतं, पण ते ओळीला कुणी सांगत नाही. तो निरोप पोचवणं तुझं काम. तू आपल्या मनातले आकडे ठोकत बसलास. आणि एकदा विचारून भागत नाही. अक्षर वाढलं की पुन्हा विचारायचं."

शिष्य हात धुऊन यादीपाशी बसला. आता प्रत्येक बटणाचे माप त्यालाच विचारून ओळीला कळवले जाऊ लागले. शेटजींनी अक्षरे मोठी केली, ओळी तेवढ्याच उंचावल्या. "हां, आता वाचता येतंय," असे म्हणून शेटजींनी बारा तांबे मागवले.

दुसऱ्या दिवशी पंगतीच्या वेळी गुरूंनी खडू शिष्याच्या हाती दिला. त्याने तो खिशात टाकला आणि जेवायला कोण कोण आले आहे, ते बघायला आधी दाराशी गेला.