कुजबुजीचा हंडा

एका राज्यात 'कुजबुजी' हा मानाचा शब्द होता. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या, ती कुजबुजी. तिने कुर्रर्र करावं, बायकांनी तिच्या पाठीत धपके घालावेत, मग घुगऱ्या खात दिवस मावळेतो गप्पा चालाव्यात. काय दिवस होते ते!

पण एका हेराने राजा वीरधवलाच्या कानी घातलं, "महाराज, बायका आपल्या घोरण्याला हसतात." राजा संतापला. त्याने मांत्रिकाकडून राज्यातली सारी कुजबुज तांब्याच्या हंड्यात कोंडवली. कुजबुजी ही शिवी झाली.

तेव्हापासून बाळाच्या कानात नाव सांगू जावं, तर ओठांतून नुसती वाफ निघे. बिननावाची बाळं हलकी होत होत सावरीच्या कापसासारखी उडून जात.

पुढे राजालाच पुत्र झाला. तोही पाळण्यावर तरंगू लागला. राणी सुनेत्रेने त्याला पदराच्या गाठीने धरून ठेवलं. तेव्हा राजाची बहीण शशिप्रभा निघाली. पाल चुकचुकली तरी दचकायची बिचारी. पण आत्या होती ना!

मांत्रिकाच्या गुहेशी ती म्हणाली, "हंडा द्या."

"ने. कुलपं तीन आहेत. ती कशी उघडतात ते या साळुंकीला ठाऊक."

हंडा वाड्यात आला. साळुंकी बोलली, "पहिल्या कुलपाला तुझं गुपित सांग."

शशिप्रभा लाजली. "राज्याभिषेकाला मी सिंहासनामागे होते, ती चवरी ढाळायला नव्हे. पालीला भिऊन लपले होते." कुलूप गळलं.

"दुसऱ्याला सखीचा टोमणा."

राणी म्हणाली, "वन्सं, तुम्हाला पाहून पालच आधी पळाली असेल!" दोघी खुदखुदल्या. कुलूप गळलं.

"तिसऱ्यासाठी, ज्याच्याविषयी बोलणं झालं त्याने सगळं ऐकावं. उठून गेला, तर हंडा कायमचा मिटेल."

राजाने कान लावला. आतून जुना आवाज आला, "राजा घोरतो म्हणे! नगारखाना काय झक मारेल!"

राजा ताडकन उठू पाहत होता. तोच बाळाला धरून ठेवलेली पदराची गाठ सैलावली. राजा तसाच बसला.

हंड्यातून दुसरीचा आवाज आला, "घोरू दे गं. पुरात आपल्यासाठी बांधावर जागला तो. तो घोरला, की मला निवांत झोप लागते."

हे हेराने सांगितलंच नव्हतं. राजाला हसू आलं, डोळेही भरले. कुलूप गळलं.

शशिप्रभेने कुर्रर्र केलं, "कीर्तिध्वज!" बाळ धपकन मांडीत आलं, धपके तिच्या पाठीत बसले. गावोगावच्या आत्यांनी गच्चीवरून नावं कुजबुजली. वाऱ्याने ती ढगांत पोचवली आणि उडालेली बाळं घरोघर उतरली.

मग शशिप्रभा बाळाच्या कानाशी पुन्हा वाकली. बाळ खदखदून हसलं.

"काय सांगितलंस?" राजाने विचारलं.

राणी म्हणाली, "महाराज, कुजबुजीला असं विचारू नये."