मुद्राधर विमलसेन आणि जटिलेचा प्रश्न

एका राज्यात सात टेकड्यांच्या मधोमध एक कुंड होते. त्याचे ओंजळभर पाणी प्यायले की ताप उतरे, जखम भरून येई, अंधाला दिसू लागे. याचे तिथे कुणाला नवल वाटत नसे. कुंड पूर्वीपासून तसेच होते. रोज त्यात एकच कलश पाणी झरे. राजा उदयकेतूच्या आजोबांनी नियम घालून दिला होता, की जो आधी पायरीवर येऊन बसेल त्याचा कलश, मग तो सेनापती असो की गुराखी.

पाळीचा कागद प्रधान भद्रमुख लिही आणि त्यावर मुद्राधर विमलसेन राजमुद्रा उमटवी. मुद्रा काळ्या चंद्रकांत मण्याची होती. तिचा ठसा उमटला की कुंडाचे झाकण आपोआप उघडे. नाही उमटला, तर दहा हत्ती लावूनही हलत नसे.

विमलसेन बावीस वर्षे त्या पदावर होता. बावीस वर्षांत त्याने कुणाकडून विड्याचे पानही घेतले नव्हते. आणि म्हणूनच त्याच्याशी कुणी फारसे बोलत नसे. प्रधान पाळ्या विकत असे, कारकून त्यात वाटेकरी होते, द्वारपालांनाही त्यातले काही मिळे. विमलसेन दालनात शिरला की हसणे थांबे. सणाला सारे प्रधानाच्या घरी जेवायला जात, तेव्हा त्याला बोलावणे नसे. त्याची पत्नी रेवती वारल्याला बारा वर्षे झाली होती. घरी तो भिंतीकडे तोंड करून जेवत असे. समोर रिकामा पाट दिसू नये म्हणून.

त्याला सारे ठाऊक होते. पण तो मनाशी म्हणे, "कागद त्यांचा. माझे हात स्वच्छ आहेत."

एकदा टेकड्यांपलीकडून जटिला नावाची एक म्हातारी आली. तिच्या खांद्यावर उतारवयात झालेली नऊ वर्षांची लेक होती, तापाने फणफणलेली. ती सर्वांआधी पायरीवर बसली. कारकुनाने हात पुढे केला. तिने लेकीच्या पायातले वाळे दिले. तरी त्या दिवशीचा कलश एका गलबतवाल्याला गेला. दुसऱ्या दिवशी तिने आपली शेळी दिली. कलश सेनापतीच्या घोड्याला गेला. तिसऱ्या दिवशी तिच्याजवळ द्यायला काही उरले नव्हते, आणि कागद आला तो प्रधानाच्या मेहुणीच्या नावाने. तिला बागेतल्या कमळांसाठी ते पाणी हवे होते.

विमलसेनाने खिडकीतून पाहिले. म्हातारी पदराने लेकीला वारा घालत होती. त्याचा हात क्षणभर कागदावर थबकला. मग त्याने ठसा उमटवला.

संध्याकाळी ती मुलगी गेली.

जटिला रडली नाही. ती उभी राहिली, आणि राजवाड्याच्या घंटा कुणी न हलवता वाजू लागल्या. ती म्हणाली, "ज्याला पायरीवरचा आवाज ऐकू येत नाही, तो राजा दगडच असो. ज्या हातांनी माझ्या लेकीची पाळी दुसऱ्याला दिली, ते हात बोटाबोटाने दगड होवोत. कुंड आटो. तुमच्यातला एक जण तीन वाटा ओलांडून माझ्या दारी येईल आणि माझ्या एका प्रश्नाचे खरे उत्तर देईल, आणि तेच उत्तर इथे सभेत सांगेल, तेव्हा शाप सुटेल."

असे म्हणून तिने लेकीला उचलले आणि ती दिसेनाशी झाली.

राजा उदयकेतू सिंहासनावर बसल्या जागी दगड झाला. कुंड आटले. पायरीवर आजारी माणसांची रांग लागली आणि तिथेच माणसे मरू लागली. प्रधानाची करंगळी दगड झाली, मग अनामिका. कारकुनांना लेखणी धरता येईना. घाबरून त्यांनी सभा भरवली. त्या सभेत विमलसेनाला बावीस वर्षांत पहिल्यांदा बसायला आसन मिळाले.

प्रधान म्हणाला, "मुद्राधर, तुमच्याइतका निर्मळ माणूस या राज्यात नाही. तुम्हीच जा."

"जातो," विमलसेन म्हणाला.

उजवा हात त्याने उपरण्याखाली झाकून घेतला होता. त्याचीही करंगळी दगड झाली होती. का झाली, हे काही केल्या त्याला समजेना. मुद्रा कमरेला बांधून तो निघाला. वेशीपर्यंतही त्याला पोचवायला कुणी आले नाही.

पहिल्या टेकडीवर एका वाळलेल्या उंबरावर धनेश पक्षी बसला होता. त्याची चोच पिवळी होती आणि आवाज माणसाचा.

"कुठे निघालास?"

"जटिलेच्या दारी."

"मग ऐक. पहिल्या वाटेवर घेऊ नकोस. दुसऱ्या वाटेवर देऊ नकोस. तिसऱ्या वाटेवर लपवू नकोस. मला एवढेच ठाऊक आहे."

"माझ्यासोबत येशील?" विमलसेनाने विचारले. इतक्या वर्षांत कामाशिवाय त्याच्याशी कुणी आपणहून बोलले नव्हते.

"माझी मादी ढोलीत अंडी उबवते आहे. मी गेलो तर तिला चारा कोण घालील?" असे म्हणून पक्षी उडून गेला. त्याच्या पंखांची घरघर ऐकू येईनाशी होईपर्यंत विमलसेन तिथेच उभा राहिला.

पहिल्या वाटेवर एक नाग वाट अडवून बसला होता. त्याच्या वेटोळ्यात रत्नांची रास होती. "मूठभर उचल," नाग म्हणाला, "मग वाट सोडतो." विमलसेन म्हणाला, "ही माझी नाहीत." नागाने तीनदा म्हटले आणि तीनदा त्याने तेच उत्तर दिले. नाग बाजूला झाला. विमलसेनाला यात काहीच जड गेले नाही. जन्मभर त्याने हेच तर केले होते. पण त्या दिवशी त्याची अनामिकाही दगड झाली.

दुसऱ्या वाटेवर उन्हे कलता कलता एक गाव लागले. ओसरीवरची माणसे त्याला पाहून उठली. "आलात भावोजी? किती वाट पाहायला लावलीत!" एकीने पाय धुवायला पाणी दिले. पोरे "मामा, मामा" करत अंगाला बिलगली. पंगत बसली होती, आणि मधोमध एक पान त्याच्यासाठी वाढलेले होते. वाढणारी बाई वळली, तर ती रेवती होती. कपाळावर तोच जुना व्रण, ओठांवर तेच अर्धे हसू.

"बसा ना," ती म्हणाली. "भात निवतो आहे."

विमलसेन बसला. त्याने भाताचा पहिला घास तोंडात घातला. तेवढ्यात यजमानाने एक कागद पुढे केला. "जेवण होऊ द्या सावकाश. तेवढी मुद्रा उमटवा यावर, म्हणजे तुम्ही कायमचे आमचे."

"काय लिहिले आहे?"

"वाचायचे कशाला? घरातलाच कागद आहे."

जन्मभर त्याने कागद वाचून मिटले होते आणि न वाचल्यासारखे केले होते. आज त्याने तो नीट वाचला. नदीवरच्या एका तरीवाल्याची होडी काढून घेऊन यजमानाला द्यावी, असे त्यात होते. तरीवाला या पंगतीत नव्हता. तो नदीवर वल्ही मारत असेल; संध्याकाळी आपल्या नावेवर दुसराच कुणी बसलेला त्याला दिसेल.

"रेवती," तो म्हणाला, "ही मुद्रा मी दिली नाही, तर तू जाशील का?"

तिने त्याच्या पानावर आणखी भात वाढला.

विमलसेनाने कागद परत केला. त्याबरोबर ओसरी गेली, पंगत गेली, पोरांचे आवाज गेले. तो गुडघाभर गवतात एकटा बसलेला होता, आणि त्याच्या तोंडात भाताचा एक घास तेवढा उरला होता. त्याने तो बराच वेळ गिळला नाही. मग तिथेच गवतात आडवा होऊन तो लहान मुलासारखा रडला.

तिसरी वाट सरळ जटिलेच्या झोपडीशी गेली. अंगणात एक छोटी समाधी होती, ताज्या मातीची. जटिला तिच्यावर पाणी शिंपडत होती.

"आलास," ती म्हणाली. "माझा प्रश्न एकच. माझ्या लेकीला कोणी मारले?"

"प्रधान भद्रमुखाने. त्याने पाळी विकली."

जटिला शिंपडत राहिली. विमलसेनाचे मधले बोट दगड झाले.

"कारकुनाने. त्याने वाळे घेतले, शेळी घेतली, आणि पाळी दिली नाही."

त्याची तर्जनी दगड झाली. आता अंगठा तेवढा उरला. याच अंगठ्याने तो मुद्रा दाबत असे. विमलसेन त्या अंगठ्याकडे पाहत राहिला. थबकलेला हात त्याला आठवला. खिडकी आठवली, वारा घालणारा पदर आठवला. तो हात तसाच राहिला असता, तर झाकण कमळांसाठी उघडले नसते, आणि कलश पायरीवरच्या लेकीसाठी उरला असता. मेहुणीची कमळे सुकली असती. त्याचे पद गेले असते, इतकेच.

तो समाधीसमोर बसला.

"माई, मी मारले. मला दिसत होते. मी काही घेतले नाही, म्हणून मी स्वच्छ आहे असे समजत राहिलो. ठसा माझा होता."

जटिलेने भांडे खाली ठेवले. "क्षमा मागू नकोस. ती माझ्याजवळ नाही. पण उत्तर खरे आहे. हेच तिथे जाऊन सांग. सांगशील त्या क्षणी शाप सुटेल."

विमलसेन परतला. भरल्या सभेत, दगडी राजासमोर, त्याने पहिल्या पाळीपासून शेवटच्या पाळीपर्यंत सारे सांगितले, आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी म्हटले, "त्यावर ठसा माझा."

"याला एकांताने वेड लागले आहे!" प्रधान ओरडला.

"नाही," सिंहासनावरून आवाज आला. राजा उदयकेतूच्या पापण्यांवरून आणि साऱ्यांच्या बोटांवरून दगडाचा चुरा गळत होता. खाली कुंडात पाणी झरू लागल्याचा नाद सर्वांना ऐकू आला. राजा म्हणाला, "मुद्राधर, इतकी वर्षे का बोलला नाहीस?"

"न घेणे पुरेसे आहे असे वाटले, महाराज."

"आणि मी कधी विचारले नाही," राजा हळूच म्हणाला.

प्रधान भद्रमुख हद्दपार झाला. कारकुनांची पदे गेली. ज्याचे जे घेतले होते, ते त्याच्या दारी पोचते झाले; जटिलेची शेळी मात्र तिने परत घेतली नाही. पाळीचे कागद बंद झाले. विमलसेनाने मुद्रा राजाच्या पायाशी ठेवली आणि शिक्षा मागितली.

राजाने त्याला पायरीवर उभे केले. रोज पहाटे जो आधी येईल त्याचे नाव त्याने साऱ्या नगराला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारायचे. मुद्रेऐवजी आता नाव पुकारले की झाकण उघडे, आणि मग ते नाव कुणालाच बदलता येत नसे.

नगरातले लोक त्याच्याशी पूर्वीइतकेच कमी बोलत. काही जण म्हणत, याने आपल्याच माणसांना उघडे पाडले. काही म्हणत, त्या पोरीच्या मरणात याचाही हात होता. दोन्ही खरे होते, म्हणून तो कुणाशी वाद घालत नसे. पुकारून झाले की तो बाजूला, खांबाच्या सावलीत जाऊन उभा राही.

एके दिवशी दूरच्या खेड्यातून चांगुणा नावाची कोष्टीण आजारी नवऱ्याला पाठीवर घेऊन आली. विमलसेनाने तिचे नाव पुकारले. झाकण उघडले. नवरा पाणी प्यायला आणि पायरीवरच गाढ झोपला. तिने कनवटीची सुपारी काढून विमलसेनापुढे धरली. त्याने मान हलवली.

"बरे, नको तर नको," ती म्हणाली. "हे उठेपर्यंत बसा तरी इथे घटकाभर. उभे राहून पाय दुखले असतील." आणि थोड्या वेळाने तिने विचारले, "माझे नाव एवढ्याने पुकारलेत. तुमचे नाव काय?"

साऱ्या नगराने त्याला इतकी वर्षे मुद्राधरच म्हटले होते. त्याला आठवायला क्षणभर लागला.

"विमलसेन," तो म्हणाला, आणि तिच्या खालच्या पायरीवर बसला.

पाणी ज्याचे त्याला मिळाले, राज्य मार्गी लागले, आणि सांगणाऱ्याचे सांगणे इथे पुरे झाले.