रेडेदादांची दोन मिनिटं

“सून गुणाची आहे हो, पण तोंडात जीभ आहे की नाही, देव जाणे!” सासूबाई आत्याबाईंच्या कानाशी कुजबुजल्या. नव्या सुनेने, तिळी मुंगीने, ते दाराआडून ऐकलं.

गोष्ट जनावरं बोलायची तेव्हाची. रस्त्याच्या कडेला मुंग्यांची पायवाट होती. तिच्यावर रेडेदादा रोज आडवे पसरत आणि म्हणत, “दोनच मिनिटं!” ती दोन मिनिटं संध्याकाळी संपत. तोवर मुंग्या बैलगाड्यांच्या रस्त्यावरून जीव मुठीत धरून जात. कालच थोरल्या जाऊबाई चाकाखाली येता येता वाचल्या होत्या.

आज अख्खं सासर गूळ आणायला निघालं, तर दादा आडवेच. सासूबाई रस्त्यावर उतरणार, तोच तिळीने पदर खोचला आणि ती सरळ दादांच्या शेपटीवर चढली. मुंग्या काही रांग मोडत नाहीत, त्यामुळे मागोमाग सगळेच चढले. पाठीवरून, मानेवरून, नाकाच्या शेंड्यावरून वरात निघाली. आत्याबाई तर काखेत वाट चुकल्या.

“अगं बायांनो, खी खी, उतरा! किती वेळ अजून?” हसून हसून दादांना उठताही येईना.

तिळी त्यांच्या कानापाशी थांबली आणि साऱ्या सासरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दोनच मिनिटं हं, दादा! चुलत घराणं अजून घरी नटतंय.”