वरवंटा आधी निजतो

एकदा एक शिष्य आपल्या नवजात मुलीसाठी पाळणा घ्यायला निघाला, आणि त्याच्यामागोमाग त्याची भीतीही दुकानात शिरली.

भीतीला कारण होते. काही वर्षांपूर्वी त्याचे पहिले मूल झोपेतच गेले होते. आईबापांच्या मधोमध, एकाच पलंगावर, एकाच पांघरुणाखाली. वैद्यांना कारण सांगता आले नाही. तेव्हापासून त्याची पत्नी सुमेधा हिला गाढ झोप कशी ती ठाऊकच नव्हती. आता मुलगी झाली होती, तीही दिवस पुरे भरण्याआधी, अगदी मूठभर. तिला पलंगावर मध्ये घ्यायला शिष्य तयार नव्हता आणि दुसऱ्या खोलीत निजवायला सुमेधा तयार नव्हती.

"हात लांबवला की तिची छाती लागली पाहिजे मला," एवढेच ती म्हणाली होती.

शहरातल्या मोठ्या व्यापाऱ्याकडे तसा पाळणा होता. पलंगाला खेटून उभा राहणारा, तीन बाजूंना गज, आईकडची चौथी बाजू मोकळी. शिष्याने तो पाहिला आणि त्याला हायसे वाटले. पण व्यापारी जुना होता. गिऱ्हाईक कशाला भ्यालेले आहे हे तो चपला काढतानाच ओळखत असे.

"साहेब, पाळणा झाला. पण गजावर डोकं आपटलं म्हणजे?"

व्यापाऱ्याने तिन्ही गजांना आतून लावायचे मऊ लोड काढले.

"थंडी बाधली म्हणजे?" कापसाची रजई आली. "डोकं चपटं राहिलं म्हणजे?" मोहरीची उशी आली. पाळण्याबरोबर आलेली मूळ गादी पातळ होती आणि फळीसारखी कडक. ती त्याने पायानेच बाजूला सारली. "ही काय लेकीची गादी? तुरुंगात देतात असली!" तिच्या जागी हात टेकताच कोपरापर्यंत आत जाईल अशी पिसांची गादी आली. पाळणा पलंगाला आवळून बांधायचे जाडेभरडे पट्टे होते, तेही गेले. त्याऐवजी गुलाबी सॅटिनच्या फिती आल्या. झाडलोट करताना सरकवायला सोपे म्हणून खाली पितळी चाके बसली आणि शोभेला वर झालरी आल्या.

प्रत्येक भीतीला व्यापाऱ्यापाशी एक मऊ उत्तर होते, आणि प्रत्येक उत्तरासरशी शिष्याची छाती थोडी हलकी होत होती. नको म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. लेकराच्या बाबतीत नको कोण म्हणणार?

बारशाच्या दिवशी घर भरले. ज्यांच्या पायाशी बसून शिष्य तर्क शिकला ते वृद्ध गुरुजी आले. व्यापारीही आला, कारण पाळण्याचे कौतुक ऐकायचे होते, आणि ते त्याला भरपूर ऐकायला मिळाले. झालरी, लोड, फिती पाहून बायका हरखल्या. गुरुजींनी मात्र पाळणा तिन्ही बाजूंनी पाहिला, गादीवर पंजा दाबला, पण ते काही बोलले नाहीत. शिष्याला ते मौन खटकले. तर्काच्या वर्गात त्याचे उत्तर चुकले की गुरुजी असेच गप्प होत.

बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. त्याला कुंची चढवायची, तीट लावायची, बायकांनी तो एकमेकींच्या हाती द्यायचा, क्षणभर निजवायचा, आणि मग खरे बाळ. हसण्याखिदळण्यात उरकून जाणारा प्रकार. मुलीची आत्या कुमुद, शिष्याची थोरली बहीण, एका हाताने बाळाला मांडीवर सावरत दुसऱ्या हाताने वरवंट्याची कुंची नीट करत होती.

"कुमुद, तो वरवंटा माझ्याकडे दे," गुरुजी म्हणाले.

"अहो गुरुजी, हा बायकांचा मान!"

"मान तुमचाच. मी आता इतका म्हातारा झालोय की मला आज्यांमध्ये मोजायला हरकत नाही."

सगळ्या हसल्या. गुरुजींनी वरवंटा पाळण्यात उताणा ठेवला. तो गादीत रुतला. उशी त्याच्या डोक्याखाली सरकवली, रजई घातली. मग ते सुमेधेकडे वळले.

"बाळ, पलंगावर आडवी हो. मुलीला पाजून निजतेस तशीच. आणि कूस बदल."

"इतक्यांच्या देखत, गुरुजी?"

"देखतच."

सुमेधा संकोचत आडवी झाली आणि कूस बदलली. पलंगाची गादी दबली, तिच्या गुडघ्याचा धक्का पाळण्याला लागला. सॅटिनची फीत ताणली गेली, पितळी चाके आवाजही न करता फिरली, आणि पलंग व पाळणा यांच्यामध्ये चार बोटांची फट पडली. मऊ गादी त्या फटीकडे कलली. वरवंटा एकदाच लोळला. कुंचीचे तोंड खाली करून तो फटीच्या तोंडाशी अडकला, त्याच्यावर डोक्याकडचा लोड वाकला, लोडावर रजई घसरली.

"अगंबाई, पडलं की बाळ!" कुणीतरी हसून म्हणाले. कुमुदने हात पुढे केला.

"हात लावायचा नाही," गुरुजी म्हणाले. त्यांचा असा आवाज शिष्याने आजवर ऐकला नव्हता. "कुणीही नाही. तुम्ही पाळणा म्हणा."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एकीने सुरुवात केली आणि बाकीच्यांनी तिचा सूर धरला. गुरुजी डोळे मिटून भिंतीला टेकून बसले. शिष्याला आधी संताप आला. म्हाताऱ्याला चळ लागला काय? भरल्या घरात, शुभकार्यात हे काय आरंभले आहे?

गाण्याचे एक कडवे संपले, दुसरे लागले. त्याची नजर रजईखालून डोकावणाऱ्या कुंचीच्या टोकावर खिळली होती. ते टोक हलत नव्हते. त्याला वाटले, एवढे गाणे चालू आहे, एवढी माणसे उभी आहेत, आणि तिथून साधे कुरकुरणेही ऐकू येत नाही. मग त्याला उमगले की ज्याचे तोंड पिसांत रुतले आहे ते कुरकुरणार नाही. घरात शांतता असेल. आणि त्या शांततेला तो, बाप, म्हणेल की मुलगी आज किती छान झोपली आहे. एक दगड तिथे पडला आहे हे ठाऊक असूनही त्याला पाऊल उचलवेना.

तेवढ्यात सुमेधा किंचाळली.

तिने रजई फाडल्यासारखी बाजूला केली, लोड भिरकावला, वरवंटा उपसून छातीशी धरला आणि त्याचे तोंड पदराने पुसू लागली. "बंद करा! बंद करा ते गाणं!"

गाणे तुटले. त्या आवाजाने कुमुदच्या मांडीवरची खरी मुलगी दचकून रडू लागली, आणि ते रडणे ऐकून खोलीतल्या प्रत्येकाने धरून ठेवलेला श्वास सोडला.

व्यापारी सगळ्यांत आधी भानावर आला. "गुरुजी, शोभतं का तुम्हाला हे? ओल्या बाळंतिणीला असं भेदरवायचं? अहो, तो दगड आहे, मूल नाही!"

"दगड आहे म्हणून वाचला, शेठ."

"लोक मागतात तेच मी विकतो."

"लोक मागत नाहीत. आधी तुम्ही त्यांना भिववता, मग भ्यालेला माणूस पुढ्यात येईल ते उचलतो. असल्या पाळण्याबरोबर कडक गादी येते, ती कुठं आहे? बांधायचे पट्टे कुठं आहेत? ज्यानं पाळणा घडवला त्यानं विचार करून दिले होते ना?"

"दिसायला बरे नव्हते ते."

"कुणाला?"

गुरुजी शिष्याकडे वळले. आता त्यांचा आवाज उतरला होता.

"तुझं पहिलं लेकरू का गेलं ते मला माहीत नाही. तुलाही नाही. ते खापर तू स्वतःवर फोडू नकोस, सुमेधेवर तर नाहीच. पण भीती तुझ्याकडे आली होती ती काम करायला आली होती. तिला घेऊन पाळण्यापाशी बसायचं होतंस, फटीत हात घालायचा होतास, गादी दाबायची होतीस, जोरानं हलवून पाहायचं होतंस. तू त्या भीतीला लोडावर टेकवलंस आणि निजवलंस. अरे, मान उचलता न येणाऱ्या जिवाला मऊपणा कशाला हवा? त्याला सपाट, कडक जागा हवी आणि तोंडापुढं मोकळी हवा हवी. वरवंटा आधी का निजवतात ते बायकांना विचार. प्रत्येक बाई वेगळं सांगेल. मला विचारशील तर, जे सोसायचं ते आधी दगडानं सोसावं म्हणून."

"गुरुजी," शिष्याने विचारले, "हे सगळं नीट केलं तर माझी भीती जाईल का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "जाऊ देऊही नकोस."

व्यापारी उठला. शिष्याला वाटले, रागाने चालला. पण थोड्या वेळाने तो धापा टाकत परतला तेव्हा त्याच्या काखेत ती पातळ गादी होती आणि खांद्यावर पट्टे. "असं सगळंच काढून टाकलं तर मी विकू काय, गुरुजी? मोकळी जागा?" तो पुटपुटला, पण पट्टे पलंगाखालून ओवायला स्वतःच गुडघ्यांवर बसला.

चाके निघाली. लोड गेले, रजई गेली, वर टांगलेल्या झालरी आणि फिती गेल्या. मोहरीची उशी शिष्याने स्वतःच्या हाताने काढली. पाळण्याची गादी पलंगाच्या गादीशी सपाट जुळली. पुन्हा वरवंटा निजला, पुन्हा सुमेधा पलंगावर आडवी झाली, आणि या वेळी कुणी सांगितले नसतानाही तिने जोरात कूस बदलली. पाळणा हलला नाही.

"किती ओकंबोकं दिसतंय गं," कुमुद हळहळली. "फोटोत कसं दिसेल?"

"दिसू दे, वन्सं," सुमेधा म्हणाली आणि तिने वरवंटा उचलून घेतला.

मग मुलीला त्या कडक, रिकाम्या गादीवर पाठीवर निजवले. कुमुदने वाकून तिच्या कानात नाव सांगितले. शिष्याने पलंग आणि पाळणा यांच्यामधल्या सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवले. बोट कुठेही आत गेले नाही. त्याने ते पुन्हा एकदा फिरवले.

पाळणा आपण पाहुण्यांच्या नजरेने निवडतो. पाहुणे घरी जातात, आणि आत मूल एकटे असते.