तोफेवर हात ठेवून

खडपवेळच्या जेटीवर उतरलं की उजव्या हाताला एक तोफ दिसते. तिला गाडा नाही, चाकं नाहीत. सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर आडवी पडलीय, तोंड समुद्राकडं. सगळं अंग गंजून तांबडं-काळं झालंय, फक्त पाठीवरची वीतभर जागा अशी चकचकते की तिच्यात बघून भांग पाडावा. तिथं कुणी पॉलिश मारत नाही. ते माणसांच्या तळव्यांनी झालंय.

समोरच्या बेटावर जाणारी होडी सुटायच्या आधी प्रत्येकानं त्या जागेवर हात ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "होडीत कोण ओकलो तर मी हसणार नाय." मग लाइफ जॅकेट. आधी शपथ, मग जॅकेट. हा क्रम चुकला तर होडीवाला इंजिन चालू करत नाही, तुम्ही साहेब असा नाहीतर साहेबांची बायको.

पाहुण्यांना आधी ही गंमत वाटते. फोटोबिटो काढतात. मग कुणीतरी विचारतंच, की बाई, ही कसली शपथ? तेव्हा सांगावं लागतं. दुसऱ्या गावांच्या गोष्टींत तलवारी असतात, घोडे असतात, कड्यावरून मारलेल्या उड्या असतात. आमच्या गोष्टीत ओकारी आहे. पण ती आम्ही मान ताठ ठेवून सांगतो. ज्यांचं जेवण आत्ताच झालंय त्यांनी जरा मन घट्ट करून ऐकावी.

आरमाराचा काळ होता, असं सांगतात. नक्की साल विचारू नका, विचारलं की गावात दोन तट पडतात. खडपवेळच्या खाडीत तेव्हा एक गुराब असायची. गुराब म्हणजे लढाऊ जहाज, आणि तिच्या पुढच्या टोकाला समोर तोंड करून बसवलेली एकच लांब तोफ. ही तीच. त्या पावसाळ्यात तोफेचा म्हातारा गोलंदाज तापानं गेला. वर कळवलं, तेव्हा घाटावरच्या एका किल्ल्यावरून नवा माणूस आला. त्याचं नाव सटवाजी.

सटवाजीचा नेम म्हणजे काय सांगावं! किल्ल्याला वेढा घालून बसलेल्या फौजेचा चुलीवरचा हंडा त्यानं बुरुजावरून उडवला होता, म्हणे. फौज उपाशी राहिली आणि तिसऱ्या दिवशी तंबू गुंडाळून गेली. असा माणूस घाट उतरून आला तो मिशीला पीळ देतच आला. समुद्र त्यानं जन्मात बघितला नव्हता. पहिल्यांदा बघितला तेव्हा "लई पानी" एवढंच म्हणाला, आणि तेवढं बोलूनही त्याला जरा गरगरल्यासारखं झालं.

गुराबेचा कप्तान होता सोमा तांडेल. हा होडीतच जन्मला होता, असं सांगतात, आणि जमिनीवर चालताना त्याचा तोल जायचा. त्यानं नव्या गोलंदाजाला पहिल्या दिवशी खाडीच्या तोंडाशी नेलं आणि पाण्यात एक रिकामं पिंप सोडलं. सटवाजीनं तोफ भरली, तिच्या कानावर, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकावर, रंजकाची दारू ठेवली, नेम धरला आणि बत्ती दिली. पण किल्ल्याचा बुरुज काही हलत नाही. इथं बत्ती लागल्यापासून गोळा सुटेपर्यंत, डोळ्यांची दोनदा उघडझाप होईल तेवढ्यात, गुराबेनं नाक वर केलं आणि गोळा आभाळाला गेला. सटवाजीनं दुसरा भरला. तो भरताभरताच त्याच्या पोटात कालवलं, आणि तोफेआधी गोलंदाजच सुटला.

सोमा पोट धरून हसला. म्हणाला, "काय वो गोलंदाज! तुमच्या पोटातलो गोळो आधी सुटता, तोफेतलो मागसून!"

सगळे खलाशी हसले. सटवाजी काठाला लोंबकळत होता, त्याला राग यायलाही जमलं नाही. आठ दिवसांत चारदा बाहेर नेलं, आणि चारही वेळा पिंप तसंच हलत-डुलत राहिलं आणि गोलंदाज पिळून काढलेल्या धोतरासारखा परत आला. आठव्या संध्याकाळी सोमानं सरळ सांगितलं, "उद्या तू आपल्या घाटार जा. माका गोलंदाज व्हयो, पेशंट नको." आता पेशंट हा शब्द त्याच्याकडं तेव्हा कुठून असणार, पण आमच्याकडं गोष्ट अशीच सांगतात.

सकाळी सटवाजी तांडेलाच्याच पडवीत आपलं गाठोडं बांधत बसला होता. किल्ल्यावर जाऊन काय सांगायचं, हेच त्याच्या डोक्यात. तिकडं त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं होती. तोफेवर हात ठेवायची त्याची लायकी राहिली नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. दोन गाठी मारल्या आणि दोन्ही सुटल्या.

सोमाची आई, भागूआये, पेजेचं भांडं घेऊन आली. तिनं ते पुढ्यात ठेवलं आणि समोरच फतकल मारून बसली.

"खा. घाट चढूक रिकामा पोट चलणा नाय."

"नगं आये. पोटाचं नावच काढू नगा."

"मगे नाव नाय काढणंय. येक सांग, तुका नेमकी कधी येता ती?"

"कोन?"

"ओकारी रे! होडी वर चढताना, की खाली येताना?"

असलं कुणी त्याला विचारलं नव्हतं. हसायचेच सगळे. सटवाजीनं डोळे मिटले, आठवून बघितलं, आणि नुसत्या आठवणीनं घाम पुसला. "चढताना न्हाई," तो म्हणाला. "उतरतानाबी न्हाई. वर गेलं की मधीच समदं थांबतंय बगा. इतकुसं. जनू कुनी खालनं हात काढून घेतला. तवा येती."

"थांबता?" भागूआयेनं विचारलं. मग ती घरात तोंड करून ओरडली, "सोमा! लाटेच्या माथ्यार होडी थांबता, तुका कळता?"

आतून आवाज आला, "होडी खंय थांबता, आये? कायतरी बोलतंस!"

भागूआये सटवाजीकडं वळली. "बघ. त्येचो जन्म गेलो दर्यात, त्येका कळणा नाय. तुका कळता." एवढंच बोलून ती भांडं तिथंच ठेवून उठली. सटवाजी त्या पेजेकडं बघत राहिला. मग त्यानं ती उचलली आणि शेवटच्या शितापर्यंत प्याला.

तेवढ्यात टेकडीवरचं शिंग वाजलं.

गावाच्या बारा होड्या दक्षिणेकडून भात भरून येत होत्या. वर्षाचं भात ते. पावसाळा उतरला होता पण समुद्र अजून उतरला नव्हता, लाटा घराएवढ्या. आणि खाडीच्या तोंडासमोर, होड्या आणि गाव यांच्या मधोमध, टोपीकर गोऱ्यांचं एक मोठं जहाज येऊन उभं राहिलं होतं. होड्या समोर आल्या की त्यांनी भात घ्यायचं आणि माणसं बुडवायची, इतकं सोपं होतं.

सोमा तांडेल धावत गुराबेवर चढला. बघतो तर तोफेपाशी सटवाजी आधीच उभा, हातात पेटती बत्ती.

"तू उतर," सोमा म्हणाला. "आज गंमत नाय."

"दादा, गुराबीचं तोंड त्याच्याकडं सरळ धरायचं काम तुमचं," सटवाजी म्हणाला. "वर-खाली मी बगतो. तीन गोळं द्या मला. न्हाई जमलं तर माझं गाठोडं पडवीत हाय, त्ये घाटावर धाडा. मला हितंच टाका."

वाद घालायला वेळ नव्हता. गुराब खाडीबाहेर पडली आणि पहिल्याच लाटेनं तिला उभी केली. सटवाजीनं आपला फेटा सोडला, एक टोक कमरेला बांधलं, दुसरं डोलकाठीला, आणि गोलंदाजानं जे कधी करू नये ते केलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

टोपीकरांचा एक गोळा शेजारी पाण्यात पडला, दुसऱ्यानं गुराबेच्या काठाची फळी नेली. खलाशी ओरडायला लागले, की मार रे, मार! सटवाजी हलला नाही. तो आपल्या पोटाकडं कान लावून उभा होता. आयुष्यभर डोळ्यांवर जगलेला माणूस. आता पहिल्यांदाच त्यानं डोळ्यांची सुट्टी केली होती. गुराब चढायला लागली. चढली, चढली, आणि माथ्याच्या जरा अलीकडंच त्याच्या घशाशी आंबट पाणी आलं. त्याच क्षणी त्यानं बत्ती टेकवली. डोळ्यांची दोनदा उघडझाप होईल तेवढ्यात गुराब माथ्यावर पोचली, इतकुसं थांबली, आणि तोफ आणि सटवाजी दोघंही एकदमच सुटले.

गोळा जहाजाच्या शिडांवरून सूंऽ करत गेला. चुकला खरा, पण सरळ गेला, दोरीत ओवल्यासारखा सरळ. सोमा तांडेलाचं तोंड उघडं राहिलं. उचमळलेल्या समुद्रात असा सरळ गोळा त्यानं कधी बघितला नव्हता.

सटवाजीनं तोंड पुसलं. तोफेच्या बुडाखालच्या पाचरीवर हातोडीचे दोन ठोके मारून तोंड जरा खाली आणलं. पुन्हा डोळे मिटले. दुसरा गोळा जहाजाच्या कठड्यात घुसला. तिसऱ्याच्या वेळी पेज सगळी संपली होती, पोटात काही उरलं नव्हतं, तरी ओकारी अगदी वेळेवर आली. त्या गोळ्यानं टोपीकरांची मोठी डोलकाठी बुंध्यात मोडली.

शिडांसकट काठी पाण्यात आडवी झाली आणि जहाज तिच्याबरोबर लाटांना आडवं वळलं. आता त्यांना भाताची कुठली आठवण! ते आपलं जहाज सरळ करायच्या मागं लागले. सटवाजी थांबला नाही. अकरा गोळे मारले आणि अकरा वेळा ओकला, असं सांगतात. काही म्हातारे तेरा म्हणतात. गोळे मोजता येतात, बाकीचं कुणी मोजलं ते विचारू नका. त्या धुरातून आणि फेसातून बारा होड्या एकामागून एक खाडीत शिरल्या, बाराव्या होडीत भात भिजलं होतं तेवढंच.

गुराब परत आली तेव्हा अख्खं गाव वाळूवर उभं होतं. सटवाजीला दोघांनी उचलून उतरवला, तो पांढराफटक. सोमा तांडेल मात्र उतरला नाही. तो तोफेपाशी गेला आणि सगळ्या गावासमोर त्यानं आपला उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला. अकरा गोळे मारलेली तोफ ती. तापलेल्या तव्यासारखी. हात चरचरला, वास सुटला, पण बोलून होईपर्यंत त्यानं तो काढला नाही.

"ह्या माणसाक मी हसलंय," सोमा म्हणाला. "आजपासून ह्या गावाच्या होडयेत कोण ओकलो आनि त्येका कोण हसलो, तर हसणाऱ्याक मी दर्यात टाकीन. आनि मी हसलंय तर माका टाका."

तेवढ्यात खालून भागूआये म्हणाली, "तुका टाकून काय उपयोग रे? तू पोवान येतलंस."

मग मात्र गाव हसलं. त्या हसण्याला शपथ लागू नव्हती.

सटवाजी राहिला. पण खरी गोष्ट पुढंच आहे. महिनाभरात त्याच्या लक्षात आलं, की आपली ओकारी कमी व्हायला लागलीय. समुद्र अंगवळणी पडत होता. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. सटवाजी घाबरला. एका सकाळी तो टेकडीवरच्या देवीसमोर नारळ घेऊन उभा राहिला. आजवर तिच्याकडं माणसांनी दुखणं बरं व्हावं म्हणून नवस केले होते. ह्यानं उलटा केला. म्हणाला, "आई, माझं पोट दर्याला सरावू देऊ नगंस. बाकी मी सोशीन."

देवीनं ऐकलं, असं म्हणतात. त्यानंतर बावीस वर्षं तो गुराबेवर होता. प्रत्येक वेळी तोच घाम, तेच गरगरणं, त्याच रिकाम्या पोटानं परत येणं. एकदा नवस मागं घेतला असता तर आरामात जगला असता, पण त्यानं तो घेतला नाही. समुद्र सहन होणारे शूर आमच्या किनाऱ्यावर पैशाला पासरी मिळतील. ज्याला तो कधीच सहन झाला नाही आणि तरी जो रोज गेला, असा एकच.

आजही खडपवेळची पोरं नौदलात भरती होतात, दर वर्षी दोघं-तिघं तरी. जाताना तोफेवर हात ठेवतात. पहिल्या रजेवर घरी आली की दारातच आई विचारते, "ओकलंस काय रे?" पोरगा लाजून हो म्हणून मान डोलावतो. मग ती घरात जाते, साखरेचा डबा काढते, आणि वाडीतल्या प्रत्येक घरी मूठमूठ वाटून येते.